न वाचलेली कादंबरी

ऑकलंडचा पाऊस मोठा लबाड. धड भिजवत नाही, धड सोडत नाही. समोर ऊन हसत असतं आणि हा मागून येऊन मानेवर टिचकी मारून जातो. त्या शनिवारी दुपारी माउंट रॉस्किलच्या लायब्ररीबाहेर तो असाच अनुयाच्या मागे लागला होता. एका हातात छत्री, काखेत एक जाडजूड मराठी कादंबरी, आणि समोर भिंतीतली, पुस्तकं परत टाकायची फट. तिनं घाईघाईनं कादंबरी आत सारली आणि ती अर्ध्यावर अडकून बसली. आत जाईना, बाहेर येईना.

"थांबा... आडवी पडलीय ती. जरा तिरकी करू."

आधी हात दिसला, मग माणूस. उंच, कुरळ्या केसांत पावसाचे मणी, आणि भर थंडीत पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. इथं राहून मुरलेला दिसत होता. त्यानं कादंबरी हलकेच बाहेर काढली, मुखपृष्ठ पाहिलं, आणि मग तिच्याकडे असं पाहिलं की अनुयाला उगीचच छत्री नीट धरावीशी वाटली.

"ही तुम्ही पूर्ण वाचलीत?"

खरं म्हणजे कादंबरी तिच्या घरमालकीण सुरेखाताईंची. 'जाताजाता तेवढी टाकून ये गं' म्हणून त्यांनी हातात कोंबलेली. धरणात बुडालेल्या एका गावाच्या चार पिढ्या, एवढं मागच्या बाजूला लिहिलं होतं आणि अनुयानं तेवढंच वाचलं होतं. पण समोरच्या डोळ्यांत इतका आदर होता... आणि असा आदर तिच्या वाट्याला फार दिवसांत आला नव्हता.

"हो," ती म्हणाली.

"मीसुद्धा," तो म्हणाला.

झालं. एवढ्यावरच सगळं घडलं.

त्याचं नाव इंद्रनील. नाशिकहून शिकायला आला आणि इथलाच झाला. रस्ते खोदले की नारिंगी प्लास्टिकचे कोन कुठं मांडायचे, गाड्या कुठून वळवायच्या, हे ठरवायची त्याची नोकरी. हे ऐकून अनुया थबकलीच. ती रोज बसनं सँडरिंगहॅमला जायची, तिथल्या फार्मसीत फार्मासिस्ट होती.

"म्हणजे सकाळी माझी बस ज्यांच्यामुळे चुकते, ते तुम्ही."

"एकटा नाही हो मी. पण तुमची बस कुठली ते सांगा, तेवढा रस्ता सोडतो."

अनुया हसली. आणि हसल्यावर तिला जाणवलं, की कादंबरी परत टाकून झाली तरी आपण घरी निघालेलो नाही.

आत मराठी पुस्तकांचं एकच कपाट. लिपी एक म्हणून हिंदी आणि मराठी पुस्तकं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. दोघं ती वेगळी करत राहिली. काउंटरवरच्या बाईंनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून पाहिलं आणि कामाला लागलेली माणसं पाहून त्या खूश झाल्या. निघताना इंद्रनीलनं तिच्यासाठी एक पुस्तक निवडलं, तिनं त्याच्यासाठी. दोन्ही भली जाड.

मग शनिवार आला की पावलं लायब्ररीकडे वळायला लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. पुस्तक देताना बोटाला बोट लागायचं आणि ते बोट मग बसमध्ये बराच वेळ वेगळंच वाटत राहायचं. इंद्रनील तिला निवडून निवडून भारी पुस्तकं द्यायचा. जीवनाचा अर्थ, समाजाचं विदारक चित्र, एकाकी माणसाचं मौन. अनुया पहिलं पान उघडायची आणि तिचे डोळे मिटायला लागायचे. शनिवारी मात्र ती म्हणायची, "भाषा काय आहे ना..." तो गंभीरपणे मान हलवायचा.

आणि तो दिसेनासा झाला की ती परत आत शिरायची, दोन लहानशी, रंगीत कव्हरांची पुस्तकं उचलायची आणि मशीनवर स्वतःच नोंदवून पिशवीच्या तळाशी सारायची. एकात प्रेम, एकात खून. फार्मसीत दिवसभर माणसांची दुखणी हाताळायची, कुणाचं बाळ, कुणाचे वडील. घरी आल्यावर तिला असं काहीतरी हवं असायचं, ज्यात हरवलेलं सापडतं आणि रुसलेलं बोलायला लागतं. त्यात वाईट काय?

वाईट काही नव्हतं. पण पुण्यात तिचं लग्न ठरलं होतं, तेव्हा त्या शिरीषनं तिच्या उशाजवळची प्रेमकथा उचलून घरभर माणसांदेखत म्हटलं होतं, "हिला अजून वाचनाचं वळण नाही. लावू आपण." सगळे हसले होते. लग्न पुढे दुसऱ्याच कारणानं मोडलं. ते वाक्य मात्र विमानात बसून तिच्याबरोबर इथवर आलं होतं. इंद्रनीलला कळलं, आपण किती साध्या आहोत ते, तर त्याच्या डोळ्यांतला तो आदर मावळेल. आणि आता त्या डोळ्यांशिवाय शनिवार कसा काढायचा, हे तिला सुचत नव्हतं.

त्यात एका संध्याकाळी सुरेखाताई स्वयंपाकघरात आल्या, मोठ्या आनंदात. लायब्ररीच्या मागच्या खोलीत त्या मराठी मंडळींचा वाचनकट्टा चालवत. महिन्याला एक पुस्तक, त्यावर एकानं बोलायचं, मग चिवडा आणि चहा. या वेळी धरणाची कादंबरी, आणि बोलणार अनुया. "अगं, कट्ट्यावर येतो ना, त्या इंद्रनीलनं नाव सुचवलं तुझं. म्हणाला, तिच्याइतकं बारकाईनं कुणी वाचलेलं नाही. आणि तू मला पत्ता लागू दिला नाहीस. माझ्याच घरात राहून कधी वाचलीस गं?"

अनुयाची पोळी तव्यावर फुगली आणि करपली.

तिनं कादंबरी पुन्हा आणली. मनापासून प्रयत्न केला. चहा घेऊन, खिडकी उघडून, उभ्यानं, पाठ करायच्या सुरात. गावात सर्वेक्षणाला माणसं आली, त्यांनी खुंट्या ठोकल्या, आणि त्या खुंट्यांशीच अनुया गुंतून पडली. पुढं जाववेना. कट्ट्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं पुस्तक मिटलं. कुणीतरी लिहिलेलं परीक्षण इंटरनेटवरून वाचून ती दहा मिनिटं सहज बोलू शकली असती. लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. पण मग पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा... आयुष्यभर कुणाची तरी नक्कल करत पुस्तकं निवडायची? शिरीषला सोडून ती इतक्या दूर आली, ती का यासाठी?

तिनं इंद्रनीलला निरोप धाडला, कट्ट्याच्या आधी जरा कपाटापाशी ये.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चक्क बूट. तिचं भाषण म्हणून. ते बूट पाहून अनुयाला रडूच यायला लागलं.

"इंद्रनील, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल."

"बरं."

"ती कादंबरी मी वाचलेली नाही. तेव्हाही नव्हती वाचली, सुरेखाताईंची परत करायला आणली होती. आता वाचायला घेतली, तरी जमली नाही. तू दिलेली पुस्तकंसुद्धा... एकही पुरी झाली नाही माझ्याच्यानं. मला गोड शेवटाच्या गोष्टी आवडतात. खून झाला तर खुनी सापडायला हवा. दोघं भांडली तर शेवटच्या पानाआधी बोलायला हवीत. मी अशीच आहे. तुला जी वाटले, ती मी नाही... कधी नव्हतेच."

खिडकीवर पाऊस बोटं वाजवत होता. शेजारी मुलांच्या विभागातलं एक बुटकं लाल स्टूल होतं. इंद्रनील हळूच त्यावर बसला, गुडघे कानापर्यंत आले, आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. अनुयानं पिशवी खांद्यावर घट्ट केली. संपलं, तिला वाटलं. आता निदान नीट निघून जाऊ.

मग तिला त्याचे खांदे हलताना दिसले.

"सुटलो," तो म्हणाला. हाताआडून, हसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "अगं अनुया, सुटलो मी."

"म्हणजे?"

"मीही नाही वाचलेली. ते सर्वेक्षणवाले येतात ना, खुंट्या ठोकायला..."

"तिथंच?"

"तिथंच झोप लागते. दर वेळी. त्या दिवशी तू 'हो' म्हणालीस, मग मी कसा 'नाही' म्हणणार? म्हटलं, एवढी वाचणारी मुलगी... आपण तर कोन मांडणारा माणूस."

"आणि माझ्यासाठी ती पुस्तकं कशी निवडायचास?"

"हातात तोलून. जे जड, ते तुला आवडेल असं वाटायचं."

अनुयाला एकदम हलकं वाटलं. राग यायला हवा होता, थोडा आलाही. तिनं विचारलं, मग भाषणाला माझं नाव कशाला दिलंस. तो स्टुलावरून वर तिच्याकडे पाहत राहिला.

"तू बोलत असताना तुझ्याकडे बघत बसलं तर कुणी नावं ठेवत नाही. तेवढ्यासाठी."

अनुयानं हात पुढे केला आणि त्याला स्टुलावरून उठवलं. हात मात्र सोडायचा राहून गेला.

खोलीत मंडळी जमली होती. सुरेखाताईंनी प्रस्तावना केली. अनुया उभी राहिली आणि तिनं शांतपणे सांगून टाकलं, की ही कादंबरी माझ्याच्यानं वाचवली नाही, माफ करा. मग कोपऱ्यातून निवृत्त डॉक्टर विश्वनाथकाका खाकरले. या कादंबरीचा आग्रह मुळात त्यांचाच.

"खरं सांगू का, मला ती भेट आली होती. घरात नजरेला पडली की अपराधी वाटायचं, म्हणून लायब्ररीला देऊन टाकली. म्हटलं, कुणी वाचली तर गोष्ट तरी कळेल."

"अहो, आणि मी काय म्हणून इतक्या वेळा मुदत वाढवून घेतली?" सुरेखाताई म्हणाल्या. "उशाशी ठेवली की झोप छान लागते."

मग जो तो बोलायला लागला. कुणी कुठं अडकलं होतं, कुणी कुणाला विचारून वेळ मारून नेली होती. इतकं हसू त्या खोलीत आजवर फुटलं नव्हतं. शेवटी सुरेखाताईंनीच फर्मावलं, चहा नंतर, आधी प्रत्येकानं कपाटाशी जायचं आणि मनापासून वाचावंसं वाटेल असं एक पुस्तक घेऊन यायचं. पातळ असलं तरी चालेल.

मोठी माणसं लहान मुलांसारखी धावली. काका विनोदी कथांवर तुटून पडले. अनुया आणि इंद्रनील कपाटाला टेकून खाली गालिच्यावर बसले, पाय पसरून. त्यानं एक निळ्या कव्हरची प्रेमकथा उघडली आणि हळू आवाजात पहिलं पान वाचायला लागला. प्रत्येक वाक्यापाशी अनुया "हं" म्हणायची. त्यानं विचारलं, हे काय मध्येमध्ये? ती म्हणाली, आमचे बाबा गोष्ट सांगायचे तेव्हा 'हं' म्हणावंच लागायचं. ऐकणारा 'हं' म्हणाला नाही, की सांगणारा थांबतो.

इंद्रनीलनं थोडं आणखी वाचलं. मग पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं, पण आवाज तसाच चालू ठेवला.

"एक मुलगा होता. रस्त्यावर कोन मांडायचा."

"हं."

"दर शनिवारी तो घाबरत घाबरत लायब्ररीत जायचा. हिला आपण कळलो तर ही यायची नाही, असं त्याला वाटायचं."

"हं..."

"आज ती त्याला कळली, तो तिला कळला. आता त्याला वाटतंय, पुढची सगळी पुस्तकं हिच्या शेजारी बसून वाचावीत. एका घरात, एका दिव्याखाली. आवडलं नाही तर सरळ मिटावं, आवडलं तर एकमेकांना वाचून दाखवावं." त्यानं पुस्तकातलं बोट काढून घेतलं. "पण तिला चालेल की नाही, ते काही त्याला..."

तो थांबला. कपाटाच्या पलीकडची कुजबूजही थांबली. सुरेखाताई तिथंच कुठंतरी पुस्तक शोधत असाव्यात. अनुयानं मान कलती केली. त्याच्या खांद्यावर तिचं डोकं टेकलं, आणि शर्टाला अजून इस्त्रीचा उबदार वास येत होता.

"हं," ती म्हणाली. "थांबू नकोस."