सुंदराबाईंच्या गालाचा रंग

स्क्रीनचे रंग चुकले की लोक आधी प्रिंटरला शिव्या घालतात, मग कागदाला, आणि अगदीच हात टेकले की राजरत्नला फोन करतात. परळचा हा पठ्ठ्या रंगांच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे. "डोळा फसतो, यंत्र फसत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर त्याचं काम होतंही तसंच चोख.

त्या दुपारी तो ठाकूरद्वारला लतिकाताईंच्या फोटोच्या दुकानात पोचला. हे दुकान चाले ते मुख्यतः गेलेल्या माणसांच्या जिवावर. लग्नातल्या घोळक्यातून चेहरा उचलायचा, मागची गर्दी पुसायची, मोठा करून फ्रेममध्ये बसवायचा. नवा प्रिंटर आल्यापासून मात्र सगळे चेहरे निळसर पडून बाहेर येत होते, आणि लोक फ्रेम हातात घेऊन दारातच रडकुंडीला येत.

"आमच्या अप्पांच्या वेळी असं कधी झालं नाही हो," लतिकाताई म्हणाल्या. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. स्क्रीन त्यांनीच लावलेली.

राजरत्नने मॉनिटरची बटणं चाळवली आणि हसला. "ताई, अप्पांनी स्क्रीन लालीकडे झुकवून ठेवलीय. ती लाल दाखवते म्हणून तुम्ही चेहऱ्यातला लाल कमी करता. जुना प्रिंटर मुळात लाल जास्त ओतायचा, म्हणून दोन चुका एकमेकींना सांभाळून घ्यायच्या. हा नवा सरळमार्गी आहे, त्याने पितळ उघडं पाडलं. स्क्रीनचे रंग सरळ करणारं प्रोफाइल बनवून देतो. मग स्क्रीनवर दिसेल तेच कागदावर."

बाहेरचा उजेड स्क्रीनवर पडू नये म्हणून त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, पडदे लावले, दिवे घालवले. भर दुपारी दुकानात काळोख झाला. रस्त्यावरचे हॉर्न एकदम लांब गेल्यासारखे वाटू लागले. भिंतीवरच्या नमुन्याच्या फ्रेमांना घातलेल्या चंदनाच्या हारांचा वास तेवढा जवळ आला.

त्याने मॉनिटरची बटणं सरळ केली आणि आपलं काळं, पुरीएवढं यंत्र स्क्रीनवर लोंबतं सोडलं. खाली एकेक रंग उमटत गेला, यंत्र तो मोजत गेलं, आणि थोड्या वेळाने प्रोफाइल तयार झालं. आता खऱ्या चेहऱ्यावर ते तपासून बघायचं होतं.

"ही बघा, तातडीची ऑर्डर आहे," म्हणत लतिकाताईंनी फोटो उघडला. पांढऱ्या साडीतल्या, सत्तरीच्या सुंदराबाई. हसू आवरून धरल्यासारखा चेहरा. मुलाने, हर्षवर्धनने, काल आणून दिलेला.

राजरत्नने यंत्र त्यांच्या गालावर टेकवलं. लॅपटॉपवर लालचा आकडा उमटला. फोटो काही हलणारी वस्तू नव्हे. आकडा एका जागी बसायला हवा. तो बसेना. थोडा वर गेला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली... अगदी सावकाश.

"लाइट कमी-जास्त होतेय बहुतेक," तो म्हणाला. यंत्र साडीवर सरकवलं, आकडा गप्प. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो उघडला, तिथेही गप्प. पुन्हा सुंदराबाईंच्या गालावर आणलं. वर... खाली...

राजरत्न काही मागे सरणारा नव्हता. गिऱ्हाइकाला दाखवायचा त्याचा एक ठरलेला प्रयोग असे: प्रोफाइल काढून 'आधी', प्रोफाइल लावून 'नंतर'. त्याने तोच केला. 'आधी'ला आकडा झपझप हलू लागला. 'नंतर'ला मंदावला. पुन्हा आधी. पुन्हा नंतर. दर 'नंतर'ला आकडा जास्त सुस्तावत होता. शेवटी एकदा तो खाली आला आणि तिथेच राहिला.

"बसला बघा!" राजरत्नने सुटकेचा श्वास सोडला. "आता परफेक्ट. बाई जाऊन किती दिवस झाले?"

लतिकाताई चमकून त्याच्याकडे वळल्या. स्क्रीनच्या उजेडात त्यांचाही चेहरा फिका पडला होता.

"गेल्या कुठे..." त्या कुजबुजल्या. "आहेत त्या अजून. माझगावला, हॉस्पिटलात. डॉक्टरांनी आशा सोडलीय. ऐन वेळी धावपळ नको म्हणून मुलाने आधीच..."

आकडा हलत नव्हता.

राजरत्नने आयुष्यात आपलं काम कधी पुसलं नव्हतं. त्या दिवशी पुसलं. प्रोफाइल काढून टाकलं, मॉनिटरची बटणं अप्पांनी ठेवली होती तशी चाचपडत मागे नेली. स्क्रीन पुन्हा तांबूस, चुकीची झाली. तो आकड्याकडे बघत राहिला. मरू दे तो खरा रंग, त्याला मनापासून वाटलं, ही म्हातारी तेवढी जगू दे.

आकडा थरथरला. थांबला. मग वर गेला.

"जरा... जरा वर गेला का हो?" लतिकाताईंनी त्याचा दंड गच्च धरला. वर... खाली... वर. आता चांगला ठणठणीत चालला होता.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षवर्धन. लतिकाताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"ताई, तो फोटो राहू दे. आईने डोळे उघडले! मगाशी मशीन सरळ रेघ दाखवत होतं, आम्ही तर... आणि एकदम परत चालू झालं. डॉक्टरांनाच कळत नाहीये काय झालं ते."

लतिकाताईंना रडू फुटलं. राजरत्नने बटणांवरचा हात काढला. जन्मात पहिल्यांदा त्याला चुकलेल्या रंगांचा अभिमान वाटला.

"फक्त एकच लावलंय तिने," हर्षवर्धन सांगत होता. "गालाला हात लावून म्हणते, हे गार गार काय चिकटवलंय, काढा. आम्ही सगळ्यांनी बघितलं ताई. गालाला काहीच नाहीये तिच्या."

राजरत्नचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. यंत्र अजून सुंदराबाईंच्या गालावर टेकलेलं होतं. त्याचा हात आपसूक उठला, आणि मध्येच थबकला. काढावं का? काढलं तर...?

फोनमध्ये मागे काहीतरी खसफसलं. मग एक थकलेला, खोल गेलेला बायकी आवाज आला.

"त्या पोराला सांग... हळू काढ म्हणावं."