किंवा समतुल्य

बोथली वीज केंद्रातली चहापत्ती संपायच्या आत तिची निविदा निघून, उघडून, नवी पत्ती दारात आलेली असायची. हे क्रयिकेचं काम. क्रयिका म्हणजे सरकारी वीज कंपनीनं बसवलेली स्वयंखरेदी प्रणाली. यंत्रांवरचे संवेदक वाचून काय कमी पडणार हे ती आधीच ओळखायची आणि कुणाला न विचारता ई-निविदा काढायची. खरेदी अधिकारी देवानंद मेश्राम यांच्याकडे फक्त 'मान्य' हे बटण उरलं होतं. ते दाबून दाबून बोटाचा ठसा इतका पुसट झाला होता की हजेरीचं यंत्र त्यांना ओळखेनासं झालं होतं.

त्या दुपारी मात्र त्यांनी बटण दाबलं नाही. हातातला टॅबलेट घेऊन ते नियंत्रण कक्षात गेले आणि पाळी अभियंता शलाका ठवकरसमोर धरला.

"मॅडम, हे तुमच्यापायी आलंय."

संच क्रमांक तीन शलाकाच्या पाळीत क्षमतेपेक्षा कमी वीज देत होता. क्रयिकेनं कोळसा तपासला, झडपा तपासल्या, टर्बाइन तपासलं आणि शेवटी शलाकाला तपासलं. निष्कर्ष एका ओळीचा होता: 'उणीव – एक माणूस. तातडीने खरेदी करावी.'

माणूस कोण, हे दोघांनाही माहीत होतं. प्रफुल्ल बोरकुटे. तो बॉयलरपाशी फिरून पाहणी करायचा आणि इंटरकॉमवर म्हणायचा, "चढव गं भार, मी उभा आहे इथं." ती चढवायची आणि वीज वाढायची. मग क्रयिकेनं त्याच्या जागी संवेदक घेतले, त्याचं पद रद्द झालं आणि तो कच्छच्या सौर प्रकल्पावर गेला. आता इंटरकॉम म्हणायचा, "तापमान स्वीकारार्ह." एवढ्यावर शलाकाचा हात पुढे जात नव्हता.

"फोन काहून नाही करत त्याला?" मेश्रामांनी विचारलं.

"करून म्हणू काय? ये म्हणायला इथं त्याला काम कुठंय? जाताना त्यानं फाटकापाशी विचारलं होतं, जाऊ का म्हणून. मी म्हटलं, नियमानुसार बघ."

मेश्राम हेच उत्तर दिवसातून कितीदा तरी द्यायचे. ते ऐकायला कसं वाटतं, हे त्यांना आज कळलं.

"मग खरेदीच करू. मंजूर झाली की पद परत येतं. पण नाव टाकता येत नाही बरं का. नाव म्हणजे ब्रँड झाला. गुणधर्म लिहा आणि शेवटी 'किंवा समतुल्य' टाका."

शलाकानं लिहिलं: 'आवाज किंचित बसका. गाणी भलत्या चालीवर. संत्रं सोलून न विचारता अर्धं पुढे करणारा.' इथवर भराभर झालं. 'किंवा समतुल्य' लिहायला मात्र तिला चहाचा आख्खा कप लागला.

निविदा आल्या. भंडाऱ्याच्या ऑर्केस्ट्रानं एक गायक देऊ केला, लग्नसराई सोडून. एका मनुष्यबळ कंपनीनं दोन माणसं सुचवली, एक आवाजाला आणि एक संत्र्याला. सर्वांत स्वस्त निघालं ते कोइमतूरचं बोलकं यंत्र. चाचणीत ते बसक्या आवाजात म्हणालं, "चढव गं भार, मी उभा आहे इथं." अगदी तोच आवाज. शलाकानं हेडफोन काढून ठेवला. भार आणखी उतरला.

"नापास?"

"ते उभं नाहीये, साहेब. त्याला चाकं आहेत."

मेश्राम खुर्ची ओढून बसले. "मग एकच रस्ता. एकमेव पुरवठादाराचं प्रमाणपत्र. जगात याला पर्याय नाही, असं तुम्ही सही करून द्यायचं. ते पोर्टलवर लागतं, हरकती मागवाव्या लागतात. सगळे वाचतात."

"माझी आई नाही बघत पोर्टल."

"आता बघतील."

जे तिला एका माणसाला फाटकापाशी सांगता आलं नव्हतं, ते तिनं सगळ्या खात्याला सांगितलं: 'समतुल्य शोधला. चाचणी घेतली. नाही.' हरकत एकच आली, लेखापरीक्षकांची. 'कारण पटले. वाक्ये पूर्ण करावीत.'

मग वाट पाहणं सुरू झालं. बोलीदाराचा रकाना रिकामाच राही. दुपारी चिमणीची सावली राखेच्या तळ्यावर लांबत जाई आणि शलाका मनातल्या मनात कच्छला पोचे. तिथं बॉयलर नाही, धग नाही. तो कुणाला सांगत असेल, मी उभा आहे म्हणून? पॅनेलना? आणि ती ऐकत असतील?

एका दुपारी रकाना हलला. बोली नव्हती, शंका होती. 'पुरवठ्याचा कालावधी लिहिलेला नाही. पाळीपुरता की पुढेही? खुलासा व्हावा. – प्र. बोरकुटे, कच्छ.'

शलाकानं ते पुन्हा वाचलं. तिचा हात आपसूक पुढे गेला. भार चढू लागला आणि कितीतरी दिवसांनी उद्दिष्टाच्या रेषेला टेकला.

मेश्रामांच्या हातातला टॅबलेट वाजला. क्रयिका म्हणत होती: 'संच तीन सुरळीत. नुसत्या आशेवर काम भागत आहे. आशा विनामूल्य आहे. पाळी संपेपर्यंत हीच स्थिती राहिल्यास खरेदी रद्द होईल.'

"मॅडम, भार उतरवा जरा," मेश्राम कुजबुजले. "तोंड पाडा. करार होईस्तोवर तरी."

शलाकानं तोंड पाडून पाहिलं. ओठांपर्यंत जमलं, डोळ्यांना जमेना. कक्षातला कॅमेरा तिच्याकडे बघत होता. तिनं कच्छच्या शंकेखालचा उत्तराचा चौकोन उघडला आणि 'पुढेही' हा शब्द लिहायला घेतला. अक्षरागणिक भाराचा आलेख वर सरकत होता.

ज्याची वाट पाहिली तो येणार असं कळल्यावर, तो येईपर्यंत दुःखी राहायचं तरी कसं?