नवनगरच्या व्हरांड्यातलं हृदय

"अक्कोर, फुप्फुसावर पाय दिलात!"

इथली मुलं बाईंना 'अक्कोर' म्हणत. सावनी दचकून मागे सरकली. शाळेच्या व्हरांड्यात खडूने मोठमोठी वर्तुळं काढली होती — हृदय, फुप्फुस, रक्त, प्राणवायू. मध्ये बाण, बाणांवर शब्द. भोवती नववीची मुलं उकिडवी बसलेली.

विद्यानगरच्या शाळेतून ती इथे प्रश्नपत्रिका पोचवायला आली होती. एवढंच.

"पुसलंत ना? आता तुम्हीच जोडा," मागून आवाज आला. आणि मग, अगदी हळू — "सावनी…?"

श्रीहर्ष. कानाजवळ थोडे पिकलेले केस, तेच ओशाळं हसू.

मुलांसमोर काय बोलणार! तिने खडू घेतला. हृदयाकडून फुप्फुसाकडे बाण काढला नि त्यावर लिहिलं — 'प्राणवायू कमी असलेलं रक्त पाठवतं'.

"बाणावर शब्द हवाच," एका मुलीने तिला बजावलं. "नाहीतर सर म्हणतात, तुम्ही नुसतं पाठ केलंय."

घंटा झाली. मुलं पांगली. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता.

"घोकंपट्टीचा बादशहा तू," ती म्हणाली. "हे कुठे शिकलास?"

"कॉलेजच्या पायऱ्यांवर. माझ्या डोक्यात रक्ताभिसरण शिरेना, तेव्हा एकीने विटेच्या तुकड्याने असंच काढून दिलं होतं… याला संकल्पना नकाशा म्हणतात, ते बी.एड.ला कळलं. दरवर्षी शिकवतो. तसाच."

सावनीला त्या पायऱ्या आठवल्या. लाल झालेली बोटं, कागदातलं चुरमुऱ्यांचं तिखट गिरमिट, तिच्या वाटची मिरची हळूच उचलणारा तो. आणि परीक्षेनंतर एक शब्द न बोलता बंगळूरला निघून गेलेला.

"निरोप तरी घ्यायचास."

"तुझा साखरपुडा ठरला होता. काय बोलायला येणार होतो?" त्याने पावसाकडे पाहिलं. "कसे आहेत… घरचे?"

"अप्पा बरे आहेत."

"म्हणजे — मिस्टर."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "तो साखरपुडा मीच मोडला, श्रीहर्ष. लग्न झालंच नाही."

"मोडलास? का?"

"त्याच्याशी बोलताना तुझीच आठवण यायची. आणि तू तर पत्ताही ठेवला नव्हतास."

त्याने डस्टर या हातातून त्या हातात घेतला.

"रविवारी… अप्पांना भेटायला येऊ?"

"कशाला?"

"विचारायला."

"अप्पांना नंतर. आधी मला विचार की."

घाबरला की श्रीहर्षची मराठी पळून जायची. आजही पळाली, उरली ती घरची कन्नड.

"नन्न… लग्ना आगतीयेन?"

माझ्याशी लग्न करशील का — हा प्रश्न ऐकू येईल म्हणून कॉलेजात असताना तिने किती वाटांवर, किती संध्याकाळी वाट पाहिली होती! आता डोळे भरून आले, तरी आवाज खट्याळच निघाला.

"आगतेनि," ती म्हणाली. "करीन. पण या वेळी न सांगता कुठे गेलास, तर बघ."