घोणसगडाच्या बारा बंदुका

आश्विन शुद्ध प्रतिपदेची पहाट घोणसगडावर उगवली ती धुक्यातून नव्हे, धुरातून. पायथ्याच्या माळावर मुबारिजबेगाच्या फौजेच्या चुली पेटल्या होत्या आणि त्या चुलींचा धूर, चार महिने उपाशी असलेल्या गडाला मुद्दाम वाकुल्या दाखवाव्यात तसा, कड्याला चाटून थेट सदरेपर्यंत येत होता. बाहेरचा दरवाजा तोफांनी केव्हाच फोडलेला. आता शत्रू आणि गड यांच्यामध्ये एक अरुंद दगडी जिना, त्याच्या टोकाला आतल्या दरवाजाची सागवानी दिंडी आणि दिंडीवरच्या तटातल्या जंग्या एवढेच उरले होते. त्या जंग्यांतून बंदुका रोखायला मात्र माणसे नव्हती, कारण तापाच्या साथीने भाद्रपदात गडावरचे बरकंदाज एकेक करून नेले होते. त्यांचा जमादार हैबती निंबळे शेवटी गेला.

हवालदार अर्जोजी भुते सदरेवर उभे होते. त्यांच्या हातात घाटावरून चोरवाटेने आलेला खलिता होता: 'दसऱ्याच्या दुपारी कुमक पोहोचते. तोवर गड राखावा.'

"दहा दिवस," हवालदार म्हणाले. "तलवारी आहेत, दारूगोळा आहे, बारा बंदुका आहेत. त्या चालवणारे हात तेवढे नाहीत. पंत, आपली मसलत काय?"

कारखानीस त्रिंबक कोनेर हे गडावरच्या कोठाराचे आणि दारूखान्याचे धनी. माणूस मृदुभाषी, कपाळावरचे गंध कधी पुसट होऊ न देणारा. "साहेबांनी राग मानू नये," ते म्हणाले, "परंतु कुंभार-गुरवांच्या हाती बंदुका देऊन गड राखल्याचे आजवर ऐकिवात नाही. बेगाकडून अभयाचा कौल मागावा, हे शहाणपणाचे."

"कौल मागायला मी अजून मेलो नाही," हवालदार म्हणाले आणि त्यांनी हैबतीच्या विधवेला बोलावणे धाडले.

साऊबाई आली, ती डोईवरचा पदर सावरीत, सदरेच्या पायरीखालीच थांबली. नवऱ्याच्या बंदुका पंधरा वर्षे तिनेच धुतल्या होत्या, पुसल्या होत्या, वाती वळल्या होत्या. तिच्या गळ्यात मंगळसूत्र उरले नव्हते. त्या जागी काळ्या दोऱ्यात एक पोलादी सुई लोंबत होती. बंदुकीचा कान, म्हणजे नळीच्या बुडाला असलेले ते बारीक भोक, साफ करायची हैबतीची सुई.

"बाई, बारा माणसे देतो. नऊ दिवसांत त्यांना बरकंदाज करायचे."

"सरकार, बरकंदाज व्हाया नऊ वर्सं लागत्यात," ती म्हणाली. "नऊ दिसांत बंदूक त्यांच्याच अंगावर उलटनार न्हाई, एवढं करीन."

आणि तिने ते केले. घट बसले त्याच सकाळी तटाखाली तिची शाळा भरली. त्यात म्हादबा कुंभार होता, जाखाईचा गुरव होता, पखालवाले होते, गवत कापणाऱ्या दोन बायाही होत्या. सगळ्यांत अवघड विद्यार्थी म्हादबाच. चिखल घोटणारे हात, मापाने दारू ओतणे त्यांना ठाऊकच नाही.

"पसाभर वतू नगंस रं, मडकं न्हवं ते!" साऊबाई ओरडायची. "आदी रिकाम्या नळीत गज सोडायचा. गजावर खूण हाय, ती नळीच्या तोंडाला टेकली म्हंजे आत काय न्हाई. मग मापभर दारू, मग चिंधीत गुंडाळल्याली गोळी, मग गजानं दाबत बुडापोतर. मधी फट राहिली तर फुटंल. बुडाच्या पेल्यात रंजक, म्हंजे बारीक दारू, चिमूटभर. वातीवर फुंकर, मग चाप."

"आन् उडालीच न्हाई तर?"

"तर दुसऱ्यांदा भरायची न्हाई! आदी गज घालून बघायचं. खूण वर राहिली तर पहिली गोळी आतच हाय. त्यावर दुसरी भरलीस तर तू दुश्मनाचं काम केलंस."

बंदूक उडवणे सोपे, ती राखणे अवघड, हे तिने त्यांच्या डोक्यात अक्षरशः कुटून घातले. जळलेल्या दारूची काजळी ओल ओढते, म्हणून त्याच दिवशी ऊन पाण्याने नळी धुवायची, चिंध्या घालून कोरडी करायची, मग तेलाचा नुसता हात फिरवायचा आणि भरण्याआधी तोही पुसून काढायचा. सातव्या दिवशी म्हादबाने शंभर पावलांवरचे गाडगे फोडले. स्वतः भाजलेले गाडगे फुटल्यावर इतका हरखलेला कुंभार त्या गडाने पूर्वी पाहिला नव्हता.

नवमीला शस्त्रपूजा. जाखाईच्या देवळात चौरंगावर बारा बंदुका मांडल्या आणि तेरावी कारखानिसांची स्वतःची, चांदीच्या पट्ट्यांची. पूजेची रीत अशी की एकदा मांडलेले शस्त्र दसरा उजाडेपर्यंत उचलायचे नाही आणि शस्त्रांच्या पूजेला विधवेने उभे राहायचे नाही. दोन्ही रीती जुन्या होत्या आणि दोन्हींवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. साऊबाई देवळाच्या मागे एकटी बसून राहिली. ज्यांना तिने नऊ दिवस घडवले ते बाराही जण आत हात जोडून उभे होते. मला विचाराल तर गडाचा घात त्याच घटकेला झाला.

पूजा आटोपल्यावर कारखानिसांनी नऊ दिवस तेवलेल्या नंदादीपाचे तेल पळीत घेतले. "आईचा प्रसाद," असे म्हणत त्यांनी बारा जणांच्या एकेका बंदुकीच्या नळीत पळीभर तेल सोडले आणि तिच्या कानावर तेलात कालवलेल्या कुंकवाचे बोट दाबून भरले. म्हादबा क्षणभर चुळबुळला. पण देवीच्या प्रसादाला नको म्हणायची छाती कुणा कुंभाराला होणार? सगळे नमस्कार करून बाहेर पडले. कारखानीस मात्र जपाला बसले.

दसऱ्याचे तांबडे फुटत होते, तोच जिन्यावरून बेगाची माणसे अनवाणी चढू लागली. चौकीदाराने शिंग फुंकले. हवालदार निवडक तलवारबाज घेऊन दिंडीच्या आत उभे ठाकले, बारा जण देवळाकडे धावले, बंदुका उचलून जंग्यांना भिडले आणि घाईत नळी न पुसताच, बाकी शिकवल्याप्रमाणे त्यांनी माप ओतले, गोळी ठासली, चाप ओढला.

पेल्यातली रंजक भसकन पेटली. नळी गप्प.

बाराच्या बारा बंदुका गप्प. खालून हसण्याचा आवाज आला, जणू हे असेच होणार हे तिथे आधीच ठाऊक होते. गुरवाने बंदूक टाकून दगड उचलले. शिड्या लागल्या. पहिल्याच धक्क्याला तटावरचा एक पखालवाला बाण लागून कोसळला.

साऊबाई धावत आली. तिने जवळची बंदूक हिसकावली आणि कानाला जीभ लावली. "तेल! नळीत तेल कुनी घातलं?"

"कारखानिसांनी, बाई," गुरव रडकुंडीला येऊन म्हणाला. "आईचा परसाद म्हनून."

तिने गळ्यातला दोरा तोडला, सुई कानात घालून कुंकवाचा लगदा उकरून काढला, त्या भोकातून कोरड्या दारूचे चार कण आत सारले, पुन्हा उकरले, पुन्हा सारले, रंजक भरली आणि चाप ओढला. बंदूक खोकल्यासारखी वाजली. गोळी बाहेर पडली, पण जेमतेम जिन्यापर्यंत.

"एकदा उडाली की बास! मग आत चिंध्या फिरवा, कोरडी करा, मग भरा! कुंपनाच्या बाभळीचं काटं मोडून आना, त्यानं कान उकरा!"

पण काटे कुंकवात मोडत होते, सुई एकच होती, आणि खाली दिंडी कुऱ्हाडींखाली करकरत होती.

साऊबाईने दुसरा कान मोकळा केला तो म्हादबाच्या बंदुकीचा. सवयीने तिने नळीत गज सोडला. खूण नळीच्या तोंडापासून वीतभर वर राहिली; एकाच गोळीला ती चार बोटे राहिली असती. तिने म्हादबाकडे पाहिले.

"गडबडीत समजलंच न्हाई," तो हळूच म्हणाला. "उडाली आसं वाटलं. दुसऱ्यांदा भरली."

"टाक ती."

तेवढ्यात म्हादबाने जंगीतून खाली पाहिले. दोन गडी चामड्याचा भला मोठा बुधला दिंडीला टेकवत होते. बुधल्यात दारू होती हे सांगायला नको. त्याला लांब वात लावायची, मागे सरायचे, की दिंडी, हवालदार आणि गड एकदमच उडणार. आणि त्या बुधल्यावर नेम धरता येईल अशी जंगी एकच, म्हादबाची.

"दे हिकडं," साऊबाईने बंदुकीला हात घातला. "म्या उडवते."

म्हादबाने बंदूक सोडली नाही. "बाई, सुई तुमच्या हातात हाय. बाकीच्या कोन उघडनार?"

"फुटंल रं ती!"

"टिचकी मारली की कच्चं मडकं मला कळतं, बाई. ही फुटनार, ठावं हाय. चूक माजी हाय, खांदा माजा लागू द्या." मग एकदम लाजल्यासारखा हसून म्हणाला, "तुमी सरकारांस्नी म्हनला व्हता म्हनं, बंदूक आमच्याच अंगावर उलटनार न्हाई आसं करीन. त्ये तेवडं माफ केलं म्या."

साऊबाईने तोंड फिरवले नाही. तिने स्वतःच्या हाताने त्याच्या पेल्यात रंजक भरली, वातीवर फुंकर घातली आणि ती पुढच्या बंदुकीकडे गेली, कारण तो म्हणाला ते खरे होते.

दोन आवाज झाले, पण ते इतके लागून झाले की तटावरच्यांना एकच वाटला. म्हादबाची बंदूक त्याच्या गालाशी फुटली आणि खाली बुधला उडाला. तो दिंडीला अजून पुरता भिडला नव्हता, म्हणून त्याने दिंडीऐवजी जिन्याच्या वरच्या सतरा पायऱ्या आणि त्यांवरची माणसे सोबत नेली. धूर विरला तेव्हा शत्रूला वर यायला वाटच राहिली नव्हती. उरलेल्या अकरा बंदुका एकेक करून बोलू लागल्या आणि दुपारी, खलित्यात लिहिल्याप्रमाणे, घाटावरून कुमकेचे भगवे निशाण उतरले.

त्या दिवशी गडावर कुणी सोने लुटले नाही. साऊबाईने ऊन पाण्याची घंगाळे मांडली आणि बंदुका धुवायला घेतल्या. अकरा धुऊन झाल्यावर ती देवळात गेली, उंबऱ्याबाहेर क्षणभर अडखळली आणि मग सरळ आत शिरली. चौरंगावर तेरावी बंदूक तशीच होती. तिने कानाला जीभ लावली. ती बंदूक घेऊन ती दिंडीपाशी खांद्याला जखम झालेल्या हवालदारांपुढे आली.

"सरकार, ही कारखानिसांची. दस्त्याला कुंकू हाय, पर कान सुका हाय. नळी सुकी हाय. आन् भरल्याली हाय."

हवालदार खांद्याच्या पट्टीवर हात दाबून उठले. "पंत, आईचा प्रसाद बारा बंदुकांना दिलात. स्वतःच्या बंदुकीला तेवढा का नाही दिलात?"

त्रिंबक कोनेर बोलण्यात कधी हरले नव्हते. या वेळी मात्र त्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि गंध फिसकटले. सायंकाळी झडतीत बेगाचा वतनाचा कौल सापडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा कडेलोट झाला.

वर्ष गेले. पुन्हा नवमी आली. जाखाईच्या चौरंगावर बंदुका मांडल्या, तेव्हा मधोमध म्हादबाची फाटलेली नळी होती. हवालदारांनी स्वतः साऊबाईला आत बोलावले आणि सर्वांसमक्ष कुंकवाची कोयरी तिच्यापुढे धरली.

तिने प्रत्येक दस्त्याला कुंकू लावले आणि नव्या बरकंदाजांना दिसेल असा प्रत्येक कान गळ्यातल्या सुईने मोकळा केला. शेवटी ती म्हादबाच्या बंदुकीपाशी आली. "ती आता कशाला, बाई?" गुरव कळवळून म्हणाला. "ती काय पुन्यांदा उडायची न्हाई."

साऊबाईने फाटक्या नळीत आधी गज सोडून पाहिला. मग खाली बसून, बराच वेळ, तिने तोही कान साफ केला.