दोनशे सेकंद

रोज दुपारी बाराला पलीकडच्या किनाऱ्यावरचा भोंगा पाण्याखाली एकदा वाजतो. तीनशे किलोमीटर समुद्र ओलांडून आमच्या धक्क्याखालच्या मायक्रोफोनपर्यंत यायला आवाजाला दोनशे सेकंद लागतात. पाणी तापलं तर किंचित कमी. ते किती कमी, हे नोंदवणं माझी नोकरी.

तो भोंगा तळाला बसवायला माझा दादा उतरला होता. खवळलेल्या समुद्रात, साहेबांच्या हुकमावरून. "उद्घाटनाची तारीख हलणार नाही, उतरव त्याला," हे फोनवर मी माझ्या कानांनी ऐकलं. दादा वर आलाच नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं: पाणबुड्याचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली साक्षीदार म्हणून सही कोणाची हवी, तर माझी! सख्ख्या भावाच्या माथी खापर फोडायला. मी सही केली नाही.

त्यानंतर आवाज लवकर यायला लागला. एकशे पंच्याण्णव सेकंद. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद. समुद्राला उकळी फुटली तरी एवढा फरक पडत नाही.

"घड्याळ तपासा," साहेब म्हणाले.

तपासलं. ठणठणीत होतं. पलीकडच्या ऑपरेटरने तर भोंगाच क्रेनने वर काढला, वायर उपटून जमिनीवर ठेवला. तरी बाराला आवाज आलाच. रोज पाच सेकंद लवकर, म्हणजे रोज साडेसात किलोमीटर जवळ.

"ताई, मला यात ओढू नका," म्हणून त्याने फोन घेणंच सोडलं.

चाळिसाव्या दिवशी साहेब स्वतः आले. एका हातात अहवाल, दुसऱ्यात नवा मायक्रोफोन. पाण्यात उतरायला कुणी पाणबुड्या तयार नव्हता.

"पुरे झाली नाटकं. शिडीवरून मीच बदलतो हा. मग निमूट सही करायची."

बाराला पाच मिनिटं कमी होती. काल पाच सेकंद लागले होते. आज किती, हे मला ठाऊक होतं. 'नका जाऊ' अगदी जिभेवर आलं. पण रागाने माझे दात आवळले होते.

"शिडी निसरडी आहे," एवढंच मी म्हणाले.

बारा वाजले.

शून्य सेकंद.

मी खिडकीतून पाहिलं. शिडीवर कुणी नव्हतं.

दादा आता घरी येईल असं वाटलं, खुळी मी. दुसऱ्या दिवशी पाच सेकंद लागले. मग दहा. एक हाकसुद्धा न मारता तो परत निघाला होता. साहेबांवर नव्हता एवढा राग मला त्याचा आला.

हल्ली आवाज दोन येतात. दुसरा बारीक, पहिल्याच्या मागोमाग, सेकंदाच्या हजाराव्या भागाने. हिशेब केला तर दीड मीटर. रोज तेवढंच. एखाद्याला हाताला धरून ओढत नेलं, की दोघांत एवढंच अंतर राहतं.