साठवण चार

चंद्राच्या ज्या अंगावरून पृथ्वी कधीच दिसत नाही, त्या अंगाला एका विवराच्या काठावर जोडघर होतं. खाली खाणीत बावीस माणसं आणि वर जोडघरात एकटी ऋता टिपणीस. खाणीतल्या खोल्याखोल्यांतलं आणि पृथ्वीवरच्या घराघरांतलं चित्र आणि आवाज आधी तिच्या जोडयंत्रात यायचे. ती कळफलकावर टाइप करायची, 'जोड: नाशिक ते खोली सहा', की नाशिकची बायको खोली सहामधल्या नवऱ्यासमोर हजर. दिवसभर ऋता दुसऱ्यांच्या गाठीभेटी घडवायची. तिला स्वतःला मात्र पृथ्वीवरून कधी कुणाचं बोलावणं आलं नव्हतं. आईवडील गेले होते आणि भाऊ असून नसल्यासारखा होता.

"तुझ्या यंत्रातली साठवण फळी तापतेय," त्या सकाळी पुण्याहून रायकर म्हणाले. जोडयंत्र त्यांनीच बांधलेलं. शब्द जाऊन यायला तीन सेकंद लागत, तेवढ्यात ते चहाचा घोट घेत. "यंत्र सुट्या फळ्यांचं आहे. एक काढली म्हणून बाकीच्या थांबत नाहीत. आजच काढ आणि यानानं परत पाठव."

ऋता गडबडीनं म्हणाली, "सर, थोडे दिवस राहू दे ना."

"आणि जळली म्हणजे? शेजारच्या दोघींना घेऊन जाईल. काढण्याआधी तिच्यावर चालणारे पडदे दुसरीकडे जोड. एक आवक, म्हणजे येणारं चित्र, शंभर जावकांना, म्हणजे दाखवणाऱ्या पडद्यांना, देता येते, पण जावकेला एका वेळी आवक एकच. ती गेली की पडदा काळा."

"माहीत आहे सर."

"माहीत सगळ्यांना असतं! तरी मागे एका शहाण्यानं डॉक्टरांची जोडणी तोडून क्रिकेट लावलं. म्हणून तर मी पोच ठेवली. हुकूम कोणत्याही कळफलकावरून देता येतो, पण कुणी काय जोडलं त्याची पोच प्रत्येक पडद्याच्या तळाशी उमटते. वाचतं मात्र कुणी नाही. लग्नपत्रिकेतली प्रेषकांची नावं वाचतं का कुणी?"

हे खरंच होतं. खाणीतल्या प्रत्येक खोलीत आणि पृथ्वीवरच्या घरांतही कळफलक होता, पण मंडळींना एकच मंत्र पाठ होता: "ताई, जोडून द्या." त्यामुळे हुकूम ऋताचे आणि पोच वाचणारीही तीच. ती ओळ आपल्याच टेबलाची आहे असं तिला वाटू लागलं होतं, आणि चूक झाली ती तिथेच.

फळीवर काय होतं ते रायकरांना सांगण्याजोगं नव्हतं. खोली चौदामधल्या निनाद धारपचे वडील पाच महिन्यांपूर्वी मिरजेत वारले. यान नव्हतं. अग्नी पुतण्यानं दिला. त्यानंतर आई पडद्यावर आली की निनाद मान वर करीना. शेवटी तो जोडघरात येऊन म्हणाला, "ताई, थोडे दिवस सांभाळून घ्या," आणि त्यानं स्वतःच्या चित्राचे नि आवाजाचे पाच तुकडे साठवून दिले. एक, गप्प बसून ऐकणं. दोन, "हो गं." तीन, "बरा आहे." चार, "जेवलो." पाच, हसणं.

तेव्हापासून मिरजेच्या चहाच्या वेळेला ऋता टाइप करायची, 'जोड: मिरज ते टेबल', म्हणजे तिच्याच टेबलावरचा पडदा. धारपकाकू बोलायच्या. गुडघ्याचं, शेजारणीच्या भांडणाचं, घरात एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो त्याचं. "जेवलास का?" असं आलं की ऋता टाइप करायची, 'जोड: साठवण चार ते मिरज', आणि निनाद म्हणायचा, "जेवलो." थोड्या दिवसांचे चार महिने झाले. खोटं उघडं पडलं तर काकूंना मुलगाही गेल्यासारखं होईल, ही भीती होती. दुसरी भीती सांगायची लाज वाटावी अशी: काकू बोलायच्या थांबल्या तर ऋताशी बोलणारं जगात कुणी उरणार नव्हतं. बोलणं तिच्याशी नव्हतं, पण कानावर तर पडत होतं.

तिनं खोली चौदाला हाक दिली. "निनाद, फळी काढायची आहे. आज तू समोर ये."

"कुठल्या तोंडानं येऊ, ताई? शेवटचं पाणी पाजायला मी नव्हतो," निनाद म्हणाला आणि त्यानं आवाज बंद केला.

चहाच्या वेळेला ऋतानं नेहमीसारखं मिरज टेबलाला जोडलं आणि फळी ओढून काढली. पृथ्वीवरच्या एका घरातला पडदा काळा झाला असणार, हे तिला दिसत नव्हतं तरी टोचलं. मग तिनं केस नीट केले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हा हुकूम टाइप केला: 'जोड: टेबल ते मिरज'.

"काकू, मी ऋता. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय..."

तीन सेकंद गेले.

"आलीस का बाई एकदाची!" धारपकाकू म्हणाल्या. "मी म्हटलं, कधी तोंड दाखवतेय ही."

"तुम्हाला माहीत होतं?" ऋतानं विचारलं.

"पडद्याच्या खाली येतंय की सगळं लिहून. साठवण चार म्हणजे जेवलो, साठवण दोन म्हणजे हो गं. एकट्या बाईला वाचायला वेळच वेळ. पहिल्याच आठवड्यात कळलं मला. रडले दोन दिवस. मग म्हटलं, 'मिरज ते टेबल' येतंय रोज. टेबलाला काय कान असतात? कुणीतरी बसलेलं असणार तिथं. माझं गुडघ्याचं ऐकून कुठलं उत्तर लावू म्हणून अडायचीस बघ, तेव्हाच म्हटलं, माणूस बरं आहे. मग तुझ्याशीच बोलत राहिले."

"चार महिने?"

"मग काय, भिंतीशी बोलू? ते राहू दे. तू जेवलीस का?"

हा प्रश्न ऋतानं रोज ऐकला होता, दुसऱ्याच्या वाट्याचा. याला साठवण नव्हती. ती ओंजळीत तोंड घेऊन रडू लागली.

"आणि त्याला ओरडू नकोस," काकू म्हणत होत्या. "बापावर गेलाय. दुखलं की गच्चीत जाऊन बसायचे ते. येईल खाली."

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी ओळ उमटली. ऋताचे हात तर चेहऱ्यावर होते.

'पोच: मिरज ते खोली चौदा. हुकूम: खोली चौदा.'

निनादनं त्याच्या पडद्यावर 'टेबल ते मिरज' ही पोच वाचली होती. टेबल मिरजेला जोडलेलं बघून त्याला राहवलं नसणार. लगेच दुसरी ओळ आली, 'खोली चौदा ते मिरज', आणि जावकेला आवक एकच, तेव्हा काकूंच्या पडद्यावरून ऋता पुसली गेली. काकूंचा चेहरा आधी थिजला, मग विरघळला. "निन्या," त्या म्हणाल्या, "किती वाळलास रे."

पुढचं ऐकण्याचा आपल्याला हक्क नाही हे ऋताला कळत होतं. तिनं 'तोड: मिरज ते टेबल' असं टाइप केलं आणि पडदा काळा झाला. झालं ते चांगलंच झालं होतं. तरी जोडघर इतकं रिकामं तिला कधीच वाटलं नव्हतं. साठवण फळी तिनं खोक्यात भरली, खोकं बंद केलं आणि उगाच पुन्हा उघडून पाहिलं. मायलेकरांचं बोलणं बराच वेळ चाललं असावं. जेवणाचं पाकीट समोर तसंच पडून होतं.

मग काळ्या पडद्याच्या तळाशी एकेक ओळ उमटली.

'चूक: हुकूम कळला नाही. हुकूम: मिरज.'

'चूक: हुकूम कळला नाही. हुकूम: मिरज.'

'पोच: मिरज ते टेबल. हुकूम: मिरज.'

ऋतानं घाईघाईनं पाकीट फोडलं आणि पहिला घास तोंडात घातला, म्हणजे विचारलं की खरं सांगता येईल.