गाण्याखालचा श्वास

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. संघदीप माझा मावसभाऊ. भुताखेताचं नाव काढलं की खो खो हसणारा माणूस.

आणि असलं काही रात्रीच होतं, असंही समजू नका. हे घाटंजीत भरदुपारी झालं. गेल्या वर्षी, भीमजयंती तोंडावर आली होती तेव्हा.

संघदीपचा छोटा स्टुडिओ आहे. घराचीच मागची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. त्याचे वडील, म्हणजे माझे मावसाजी पंजाबराव, भीमगीतं गायचे. माईक बंद पडला तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मग घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. बारीक शिट्टी वाजल्यासारखा.

बोलणं कायमचं बंद.

त्यांचा आवाज उरला तो एकाच रेकॉर्डिंगमध्ये, आजाराच्या कितीतरी आधीच्या.

ते जयंतीला वाजवायचं म्हणून संघदीप साफ करत होता. त्यानं नवा कॉम्प्रेसर घेतला होता. खरं मशीन नाही, सॉफ्टवेअर. जुन्या काळच्या व्हॉल्व्हवाल्या यंत्राची हुबेहूब नक्कल. पडद्यावर काटासुद्धा तसाच, आवाजाबरोबर हलतो. काम साधं आहे. मोठा आवाज दाबायचा, दबलेला वर आणायचा.

त्यानं दाब वाढवला.

दोन ओळींच्या मधून काहीतरी वर आलं...

श्वास.

बारीक. शिट्टीसारखा.

त्यानं झटकन मागे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. माईकची वायरही काढलेली होती.

आणि गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा वडिलांच्या गळ्याला भोक नव्हतं.

घाबरून त्यानं सॉफ्टवेअर बंद केलं, मूळ फाइल लावली. ढोलकी वाजत होती. पेटी वाजत होती. वडिलांचा आवाज मात्र नव्हता. त्याच्या जागी तोच श्वास... आणि शेवटच्या कडव्यात तोही थांबला.

ढोलकी वाजतच राहिली.

त्यानं बायकोला, साधनाला, हाक मारली. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करून गाणं पहिल्यापासून लावलं. साधनाला गाणंच ऐकू आलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. मामाजी काय गात होते, म्हणाली.

मग तिनं डोळे पुसले आणि एकदम पुढे वाकली.

"गाणं तं चालू हाय," ती पडद्याकडे पाहत म्हणाली. "मंग हा काटा काहून थांबला?"

शेवटचं कडवं चालू होतं.

संघदीप ती फाइल पुसणारच होता. तेवढ्यात दारात पंजाबराव दिसले. गाणं ऐकून उठून आले होते. खुर्चीत बसले, मांडीवर ताल धरला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले.

तेव्हापासून रोज जेवण झालं की ते येऊन बसतात. लॅपटॉपकडे बोट दाखवतात.

त्यांना गाणं ऐकू येतं. संघदीपला श्वास. आणि दर वेळी तो आधीपेक्षा लवकर थांबतो.

एकदा त्यानं लावलं नाही. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला, जेवला नाही.

"बाबाले नाही कसा म्हनू?" संघदीप मला म्हणाला. "तेवढंच तं उरलं त्याहिले. अन् दर खेपेले त्याहिचा श्वास मीच संपवून राह्यलो."



परवा मी गेलो होतो. जेवणं झाली. मावसाजी येऊन बसले, बोट दाखवलं. मला गाणंच ऐकू आलं. काय आवाज होता हो... पण मी डोळे काट्यावरून हलवले नाहीत.

पहिली ओळ संपायच्या आत तो थांबला.

संघदीपनं डोळे मिटून घेतले. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

मावसाजी हसले. आणि परत बोट दाखवलं.